गच्चीवर सोलर बसवायचं? आधी लाईट बिल काढा

(ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, किंवा ऐकताना आकडे निसटले, त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती. बोलण्यातली पाल्हाळ थोडी कमी केलीय, आकडे तेच आहेत.)



२०२५ चा मे महिना. दुपारचा एक वाजलेला. मी पुण्यात ऑफिसच्या एसीत बसलोय आणि बार्शीहून आईचा फोन.

"लाईट गेलीय रे."

"मग?"

"मग काय मग! वर सहा पॅनल आहेत, ऊन मरणाचं पडलंय आणि घरातला पंखा बंद. हे कसलं सोलर बसवलंयस?"

मागून आप्पांचा आवाज आला, "विचार त्याला, एक लाख पंच्याण्णव हजार कशाचे दिले."

खरं सांगतो, त्या क्षणी मला उत्तर माहीत होतं आणि म्हणूनच जास्त लाज वाटली. कारण फॉर्म मी भरला होता, कोटेशन मी वाचली होती, आणि ही एक गोष्ट घरच्यांना नीट सांगायची मीच विसरलो होतो.

आजचा भाग त्यासाठीच. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी सध्या हीच चर्चा चालू असणार. शेजाऱ्यांनी बसवलं, मामांनी बसवलं, एजंट येऊन गेला. आणि निर्णय जरी आई-बाबांचा असला, तरी मोबाईलवर फॉर्म भरणार आपणच. म्हणजे प्रश्नही आपणच विचारायला हवेत. तर चला.

ऊन आहे, मग पंखा का बंद?

आधी आईच्या प्रश्नाचं उत्तर.

घरांवर अनुदानातून जे सोलर बसतं, ते बहुतेक सगळं ऑन-ग्रिड असतं. म्हणजे त्यात बॅटरी नसते. पॅनलमधून डीसी वीज येते, इन्व्हर्टर तिची एसी करतो, घराला लागेल तेवढी घर वापरतं आणि उरलेली मीटरमधून बाहेर, लाईनवर जाते. रात्री आपण लाईनवरून वीज घेतो. थोडक्यात, लाईन हीच आपली बॅटरी.

आता हा इन्व्हर्टर लाईनच्या तालावर चालतो. लाईनवर वीज आहे का, तिचा दाब किती, ताल किती, हे तो सतत बघत असतो. लाईन गेली की तो एक-दोन सेकंदात स्वतःला बंद करतो. हा बिघाड नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. विचार करा, डीपीवरून लाईन बंद करून वायरमन खांबावर चढलाय आणि आपल्या गच्चीवरून त्याच तारेत वीज जातेय. माणूस जागच्या जागी जाईल. म्हणून लाईट गेली की सोलर बंद. डोक्यावर कितीही ऊन असलं तरी.

आमच्याकडे पहिल्यांदा आलेला एजंट मात्र आप्पांना छातीठोकपणे सांगून गेला होता, "काका, आता लाईट गेली काय, राहिली काय, तुम्हाला कळणारसुद्धा नाही." आप्पांनी त्याच्याकडून सिस्टीम घेतली नाही, पण हे वाक्य मात्र डोक्यात ठेवलं. आणि पॅनल बसल्यावर घरातला जुना इन्व्हर्टर, बॅटरीसकट, भंगारवाल्याला देऊन टाकला! "आता काय करायचंय त्याचं?"

तर पहिला धडा हा. घरी जुना इन्व्हर्टर-बॅटरी असेल तर विकू नका. तो ऑन-ग्रिड सोलरबरोबर पूर्वीसारखाच चालतो. लाईट असताना चार्ज होतो, लाईट गेली की दोन पंखे आणि चार दिवे सांभाळतो. ज्यांना लाईट गेल्यावरही पॅनलची वीज हवीय, त्यांना हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. लिथियम बॅटरी घेतली तर खर्चात सहज लाखभराची भर पडू शकते. आणि सरकारी अनुदान पॅनलच्या किलोवॅटवर मिळतं, बॅटरीवर नाही. तुमच्याकडे रोज चार-पाच तास लाईट जात असेल तर तो विचार करा. आठवड्यातून एखाद तास जात असेल, तर जुना इन्व्हर्टर पुरतो.

थोडक्यात, ऑन-ग्रिड सोलर बिल कमी करतं. लाईट जाण्यावर तो उपाय नाही. ह्या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि विकणारे त्या एकाच पिशवीत घालून विकतात.

आता लाईट बिल काढा

बरं, मग बिल किती कमी होतं? याचं उत्तर गच्चीवर नाही, कपाटात आहे. मागच्या १२ महिन्यांची बिलं काढा. कागद नसतील तर महावितरणच्या ॲपवर ग्राहक क्रमांक टाकून मागचा वापर दिसतो. मुंबईत वीज देणाऱ्या कंपन्या वेगळ्या आहेत, पण वापराचा तक्ता सगळीकडेच बिलावर छापलेला असतो. त्यातले रुपये सोडून द्या, फक्त युनिट लिहून काढा.

आमचं आलं वर्षाला २,८८० युनिट. म्हणजे महिन्याला सरासरी २४०. थंडीत १७० च्या आसपास, एप्रिल-मेमध्ये ३४०.

आता गंमत बघा. आपल्याकडे सगळी युनिट एका भावानं मिळत नाहीत. आम्ही हिशेब केला तेव्हा, म्हणजे २०२४-२५ मध्ये, महावितरणचा घरगुती दर होता पहिल्या १०० युनिटना ४ रुपये ७१ पैसे आणि १०१ ते ३०० ला १० रुपये २९ पैसे. शिवाय प्रत्येक युनिटवर वहन आकार १ रुपया १७ पैसे. आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. हे सगळं मिळवलं तर पहिल्या शंभरातलं एक युनिट पडतं साधारण ६ रुपये ८० पैशांना, आणि शंभराच्या पुढचं एक युनिट पडतं १३ रुपये ३० पैशांना. जवळपास दुप्पट!

त्यानंतर दर बदललेत, म्हणून तुम्ही तुमच्या बिलामागचे ताजे दर घ्या. पण पायऱ्यांची ही रचना लक्षात ठेवा, कारण सगळं गणित तिच्यावर उभं आहे.

सोलर आपल्या बिलातून आधी कुठली युनिट खातं? वरची. म्हणजे सगळ्यात महाग.

आता १ किलोवॅट पॅनल आपल्याकडे किती वीज देतं, ते बघू. महाराष्ट्रात वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला ४ युनिट, म्हणजे महिन्याला १२० आणि वर्षाला साधारण १,४५०. हे तीन आकडे पाठ करा. कुणी एजंट १ किलोवॅटला दिवसाला ६ युनिट सांगत असेल, तर तो उन्हाळ्यातल्या सगळ्यात चांगल्या दिवसापेक्षाही पुढचा आकडा सांगतोय.

किती किलोवॅट? इथंच पैसे वाचतात किंवा जातात

त्या पहिल्या एजंटनं आप्पांना ५ किलोवॅट सुचवलं होतं. "गच्ची मोठी आहे काका, बिल शून्य करून टाकू." कोटेशन ३ लाख १० हजार. आप्पांनी ३ लाखांची एफडी मोडायची तयारी केली होती. निवृत्तीच्या पैशातली एफडी. मी त्या शनिवारी घरी गेलो नसतो तर सोमवारी ती मोडली असती.

आम्ही दोघं जेवणानंतर वही घेऊन बसलो आणि एकेक किलोवॅट वेगळा करून बघितला. हे तुम्हीही करा, फार डोळे उघडतात. खालचे भाव आम्हाला त्या वेळी मिळालेल्या कोटेशनचे आहेत, अनुदान वजा करून.

पहिला किलोवॅट: आम्हाला ४५ हजारांना पडत होता. तो महिन्याला १२० महाग युनिट खाणार. म्हणजे बचत जवळजवळ १,६०० रुपये. वर्षाला १९ हजार. अडीच वर्षांच्या आत पैसे वसूल.

दुसरा किलोवॅट: आणखी ३५ हजार. आता महाग युनिट २०च उरलीत, बाकीची १०० स्वस्तातली. बचत महिन्याला साडेनऊशे. वसुलीला तीन वर्षं. हाही चांगलाच.

तिसरा किलोवॅट: आणखी ३७ हजार. पण आमचा वापरच संपला! आता तयार होणारी वीज जादा. ती वर्षाअखेरीला वीज कंपनी विकत घेते, पण आपण ज्या भावानं घेतो त्या भावानं नाही. युनिटला ३ रुपयांच्या आसपास धरा. म्हणजे वर्षाला चार-सव्वाचार हजार. वसुलीला नऊ वर्षं.

चौथा आणि पाचवा: इथं अनुदान एक पैसाही वाढत नाही. प्रत्येकी ५७ हजार पूर्ण खिशातून, आणि मिळकत तेवढीच. वसुलीला तेरा वर्षांच्या वर. तोपर्यंत इन्व्हर्टर बदलायची वेळ आलेली असेल.

आप्पा वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पाचवा पॅनल मी वीज कंपनीसाठी बसवत होतो!"

अगदी तसंच. घराच्या वापरापेक्षा मोठं सोलर म्हणजे आपल्या एफडीच्या पैशातून दुसऱ्यासाठी स्वस्त वीज.

मग आम्ही २ किलोवॅट घेतलं का? नाही, ३ घेतलं. कारण हिशेब मागच्या वर्षाचा असतो, पण सिस्टीम पुढच्या २५ वर्षांसाठी असते. आप्पांना पेट्रोलची स्कूटर बदलून इलेक्ट्रिक घ्यायची होती. महिन्याला हजार किलोमीटर फिरली तर तिला ४० युनिटच्या आसपास लागतात. आणि आईच्या खोलीत उन्हाळ्यापुरता एसी लावायचा होता. दोन्ही धरून वर्षाचा वापर ३,७०० च्या पुढे जात होता. शिवाय धूळ, ढग, आणि पॅनल दर वर्षी थोडे थोडे कमी होत जातात. म्हणून ३. पण ५ नाही.

तुमच्या घरी येत्या दोन-तीन वर्षांत खरोखर काय वाढणार आहे, ते लिहा. "कदाचित कधीतरी" हे धरू नका.

आणि ज्यांचं बिल महिन्याला ५०-६० युनिटचंच आहे त्यांनी? त्यांची सगळी युनिट खालच्या पायरीतली. बचत महिन्याला साडेतीनशे-चारशे. १ किलोवॅटचे पैसे वसूल व्हायला बराच जास्त काळ. तोटा नाही, पण घाईही नाही. यांच्यासाठी राज्य सरकारनं २०२५ मध्ये 'स्मार्ट' नावाची योजना आणलीय. दारिद्र्यरेषेखालची कुटुंबं आणि १०० युनिटच्या आत वापर असलेली घरं यांना १ किलोवॅटसाठी केंद्राच्या अनुदानावर राज्याची भर मिळते. तुम्ही त्यात बसत असाल तर मात्र गणित एकदम बदलतं. आधी ते तपासा.

अनुदान किती आणि कधी

केंद्राची योजना म्हणजे पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, उद्दिष्ट १ कोटी घरं. अनुदान असं: १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ ला ७८ हजार. आणि ३ च्या पुढं कितीही बसवा, ७८ हजारच.

आता तीन गोष्टी ज्या जाहिरातीत बारीक अक्षरात असतात.

एक, हे अनुदान नंतर येतं. आधी पूर्ण पैसे आपण द्यायचे. आमच्या ३ किलोवॅटचे १ लाख ९५ हजार आधी गेले, मग नेट मीटर लागला, तपासणी झाली, पोर्टलवर बँकेचे तपशील भरले आणि महिन्याभरात ७८ हजार आप्पांच्या खात्यात आले. म्हणजे "काका, फक्त एक लाख सतरा" असं कुणी म्हणालं तरी हाताशी दोन लाखांची सोय हवी. सगळे एकदम द्यायचे नसतील तर या योजनेसाठी सरकारी बँका तारणाशिवाय कर्ज देतात, आणि त्याचा व्याजदर नेहमीच्या पर्सनल लोनपेक्षा बराच कमी असतो.

दोन, अनुदानासाठी पॅनल डीसीआर लागतात. म्हणजे पॅनल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले. ते थोडे महाग असतात. दोन कोटेशनमध्ये मोठा फरक दिसला तर पहिला प्रश्न हाच विचारा, "डीसीआर आहे का?" आणि उत्तर कोटेशनवर लिहून घ्या.

तीन, नाव. लाईट बिलावरचं नाव, अर्जदाराचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव एकच हवं. आमचं बिल अजून आजोबांच्या नावावर! आजोबा जाऊन चौदा वर्षं झालीत. त्यामुळं आधी नावबदल, मग सोलर. तुमच्याकडेही असंच असेल तर हे काम आजच सुरू करा. सोलर घ्यायचं ठरो न ठरो, ते करायलाच हवं.

एक दिलासा. २०२४ मध्ये केंद्राचे नियम बदलले आणि १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला आता वेगळ्या तांत्रिक अभ्यासाची वाट बघावी लागत नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या साहित्यावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झालाय. म्हणजे जुनं कोटेशन घेऊन बसला असाल, तर नवीन मागा.

नेट मीटरचं बिल कसं वाचायचं

पॅनल बसल्यावर सगळ्यात जास्त भांडणं पहिल्या बिलावरून होतात. "ॲपवर ४०० युनिट दिसतात आणि बिलात २९०च. ११० कुठं गेली?"

कुठंही गेली नाहीत. घरातच वापरली. दिवसा फ्रीज, पंखा, पंप, मिक्सर चालू असताना पॅनलची वीज थेट तिथं जाते, मीटरपर्यंत पोचतच नाही. मीटरला फक्त दोन गोष्टी कळतात. बाहेरून आत किती आली, ती इम्पोर्ट. आतून बाहेर किती गेली, ती एक्स्पोर्ट. समजा इम्पोर्ट २१०, एक्स्पोर्ट २९०. मग बिल शून्य युनिटचं, आणि ८० युनिट पुढच्या महिन्यासाठी जमा.

पण बिल शून्य युनिटचं म्हणजे शून्य रुपयांचं नाही, बरं का! स्थिर आकार द्यावाच लागतो. आमचं २,७०० चं बिल आलं दीडशेवर. आप्पा पहिल्या महिन्यात दीडशे रुपयांवरूनही रागावले होते, कारण त्या एजंटचं "शून्य" डोक्यात बसलेलं.

आणखी एक महत्त्वाची तारीख: ३१ मार्च. जमा युनिटचं खातं आर्थिक वर्षाबरोबर बंद होतं. उरलेली युनिट वीज कंपनी त्या कमी भावानं घेते आणि १ एप्रिलला पाटी कोरी. म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये साठवलेली युनिट एप्रिल-मेच्या एसीला वापरता येत नाहीत. आपला उन्हाळा आणि त्यांचं वर्ष, दोन्हींचा मुहूर्त जुळत नाही. पावसाळ्यात मात्र जमा युनिट उपयोगी पडतात. आमचं ३ किलोवॅट एप्रिलमध्ये ४३० च्या आसपास युनिट देतं आणि जुलैत २५० वर येतं. पहिल्या जुलैत घाबरून मला फोन करायचा नाही, असं आप्पांना आधीच सांगून ठेवलं. एवढं तरी या वेळी सांगितलं!

आणि नेट मीटरिंगचे नियम राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. ते बदलू शकतात. म्हणून माझा साधा सल्ला: जी वीज दिवसा वापरता येईल ती दिवसाच वापरा. पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री, स्कूटरचं चार्जिंग, सगळं सकाळी दहा ते दुपारी चारमध्ये. घरातच वापरलेलं युनिट कुठल्याही नियमात पूर्ण भावानं वाचतं.

गच्ची, सावली आणि कुरडया

१ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. ३ ला ३००. "बिनसावलीची" हा शब्द महत्त्वाचा. पॅनल ओळीनं जोडलेले असतात, त्यामुळं एकावर सावली पडली तरी बाकीच्यांनाही फटका बसू शकतो.

आपल्याकडे वर्षातला बराचसा काळ सूर्य दक्षिणेकडून जातो. म्हणून पॅनलचं तोंड दक्षिणेला, आणि पाण्याच्या टाकीची सावली पडते उत्तरेला. मग पॅनल टाकीच्या दक्षिणेला बसवायचे, उत्तरेला नाही. साधी गोष्ट, पण घाईत काम करणारे जिथं वायर कमी लागेल तिथं बसवून मोकळे होतात. बसवायच्या आधी एक दिवस सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता गच्चीचे फोटो काढा. शक्यतो डिसेंबरात, कारण तेव्हा सावल्या सगळ्यात लांब असतात.

आमच्या घरी तांत्रिक अडचण कमी आणि आईची हरकत मोठी होती. "माझ्या कुरडया आणि पापड कुठं वाळवू? आणि उन्हाळ्यात झोपायचं कुठं?" रास्त प्रश्न आहे. गच्ची ही काही रिकामी जागा नसते. यावर उपाय म्हणजे सात-आठ फूट उंचीचं स्ट्रक्चर. खाली माणूस आरामात चालतो, सावलीही मिळते. पण त्याला १५-२० हजार जास्त लागतात, आणि कोटेशनमधलं स्ट्रक्चर बहुतेक वेळा बुटकं धरलेलं असतं. हे आधी विचारा. आमच्या १ लाख ९५ हजारांत ते धरलेलं होतं.

उंच स्ट्रक्चरला वाराही जास्त लागतो. जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड जिल्ह्यात पत्रे कसे उडाले ते आठवा. कोकणात राहत असाल तर स्ट्रक्चरवर अजिबात काटकसर नको. खारी हवा साधं लोखंड काही वर्षांत खाते, गॅल्व्हनाइज केलेलंच घ्या. आणि स्लॅबला भोकं पाडणार असतील तर वॉटरप्रूफिंग कोण करून देणार, हे लिहून घ्या. नाहीतर लाईट बिल वाचेल आणि पावसाळ्यात छत गळेल.

बाकी देखभाल सोपी आहे. पंधरा दिवसांनी एकदा पाण्यानं धुवा, सकाळी लवकर, पॅनल गार असताना. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. पॅनलची कामगिरीची वॉरंटी बहुधा २५ वर्षांची असते, पण इन्व्हर्टरची साधारण ५ ते १० वर्षं. म्हणजे मध्ये एकदा तरी इन्व्हर्टर बदलायचा खर्च धरून ठेवा. योजनेत बसवणाऱ्याला पहिली ५ वर्षं देखभाल करून द्यावी लागते. त्याचा करार हातात घ्या, नुसता व्हिजिटिंग कार्डावर विश्वास नको.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी एक ओळ. गच्ची सोसायटीची असते, त्यामुळं एकट्याचं काम नाही. पण लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांच्यासाठी सोसायटीला किलोवॅटमागे १८ हजार अनुदान आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय मांडा. मेंटेनन्स कमी होतोय म्हटल्यावर विरोध करणारेही ऐकतात.

सही करण्याआधी

किमान तीन कोटेशन घ्या. अर्ज फक्त पीएम सूर्यघरच्या सरकारी पोर्टलवर करा आणि बसवणारा त्याच पोर्टलच्या यादीतला निवडा. व्हॉट्सॲपवर आलेल्या "सोलर सबसिडी मंजूर" अशा लिंकवर बोट ठेवू नका, ओटीपी तर कुणालाच देऊ नका. आई-बाबांनाही हे दोनदा सांगा.

आणि जो एजंट तुमचं बिल न मागता किलोवॅट सांगतो, त्याला चहा पाजा आणि नमस्कार करा.

आता बार्शीचं पुढं काय झालं? त्या मेच्या दुपारी फोनवर मी आईला खांबावरच्या वायरमनची गोष्ट सांगितली. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे बरोबरच आहे. कुणाचा जीव जायला नको. पण हे तू डिसेंबरात सांगायचंस, म्हणजे ह्यांनी बॅटरी विकली नसती." यावर मी काय बोलणार? नवीन बॅटरी-इन्व्हर्टरचे पैसे मी दिले. माझ्या चुकीची तेवढी फी.

एफडीतले एक लाख पाच हजार मात्र मोडावे लागले नाहीत, आणि अनुदान परत आल्यावर आप्पांनी त्या ७८ हजारांची नवी एफडी केली. हल्ली ते गल्लीतल्या प्रत्येकाला सोलरबद्दल सांगतात. सुरुवात ठरलेली असते: "आधी बिल दाखव."

तुमच्या घरचं १२ महिन्यांचं युनिटचं गणित करून बघा आणि किती किलोवॅट आलं ते मला कळवा. हा भाग घरच्या ग्रुपवर नक्की टाका, विशेषतः ज्या काकांकडे एजंट येऊन गेलाय त्यांना. पुढच्या भागात भेटूच. तोपर्यंत, राम राम मंडळी!